खिंडसीवर मोटर लावून नाव नेण्याआधी

ट्रोलिंग मोटर, म्हणजे नावेला लावायची बॅटरीवरची लहान मोटर, घेऊन रामटेकला खिंडसी तलावावर जायचं ठरलं, की तयारीचा विचार परतीपासून सुरू करा. जाताना बॅटरी भरलेली असते आणि वारा पाठीशी असला तर नाव पळते. येताना तोच वारा तोंडावर येतो आणि बॅटरी उतरलेली असते.

सगळ्यात आधी विचारपूस. धरण-तलावांचं पाणी बहुधा जलसंपदा विभागाकडे आणि मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. दोन्हीकडे बोलून, होकार मिळाल्यावरच निघा. तोतलाडोह धरण मात्र सोडूनच द्या. तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथे मासेमारीला बंदी आहे.

मग बॅटरी, आणि इथे घाई नको. गाडीची बॅटरी चालत नाही. ती स्टार्टरला क्षणभर जोर देण्यापुरती बनवलेली असते, तासन् तास उतरवली की लवकर मरते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी उचलून नेण्याचा मोह अनेकांना होतो. ती चालते खरी, पण वजन पन्नास किलोच्या घरात, आणि नाव कलली की ॲसिड सांडतं. सीलबंद डीप सायकल, म्हणजे बराच वेळ सावकाश उतरवायला बनवलेली शिशाची बॅटरी घ्या, किंवा परवडत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० ॲम्पिअर-तासाची लिथियम साधारण १२ किलोत बसते, शिशाची ३०च्या आसपास जाते. लहान नावेत हा फरक लगेच जाणवतो.

हिशेब कागदावर मांडा. ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे ढकलण्याच्या जोराची) १२ व्होल्टची मोटर पूर्ण जोरात साधारण ५० ॲम्पिअर ओढते. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे १०० ॲम्पिअर-तासातून हाती फार तर एक तास, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. वेग निम्मा केलात तर करंट निम्म्याहून बराच खाली येतो, म्हणून हळू चालवा. वापरायच्या चार्जपैकी एक तृतीयांश संपला की नाव वळवा, मासे लागत असले तरी. शिशाची बॅटरी चार्जिंगनंतर काही तास तशीच ठेवून मीटर लावा, १२.६-१२.७ व्होल्ट दिसले म्हणजे भरली. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखाच राहतो, तिला ॲम्पिअर मोजणारा वेगळा मीटर हवा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या वर जातो, तेव्हा लिथियम गच्चीत किंवा बंद गाडीत चार्जिंगला लावू नका. चार्जिंगसाठी बहुतेकींची मर्यादाच ४५ अंश असते.

वायर जाड हवी आणि ब्रेकर (करंट फार वाढला की तोडणारा स्विच) बॅटरीच्या अगदी जवळ. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, नट पान्याने आवळा. बोटांनी आवळलेला नट हादऱ्यांनी सैल होतो आणि तिथेच वायर तापते.

आता मोटरचा पाण्यातला पंखा. बॅटरी सोडवून ठेवा, पंख्याचा नट काढा आणि पंखा ओढून बाजूला घ्या. आत दांड्याभोवती बहुतेक वेळा गरीच्या नायलॉन दोऱ्याची वेटोळी बसलेली असतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पण तो दोरा सील कापतो आणि मोटरमध्ये पाणी शिरतं. चिमट्याने एकेक वेटोळं काढा. आडवी पिन वाकली असेल तर बदला. दोन पिना, एक नट आणि पाना डब्यात असूच द्या.

शिंगाड्याचे वेल आणि जलपर्णी दिसली की मोटर वर उचला, वल्हं घ्या. ढिवर बांधवांच्या जाळ्यांबद्दल तर फार सांभाळून राहा. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेने तरंगताना दिसल्या, की खाली जाळं आहे असंच समजा आणि लांबून वळसा घ्या. एका फेऱ्यात फाटलेलं जाळं त्या घराची कित्येक दिवसांची कमाई घेऊन जातं.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, नावेच्या तळाशी नाही. दोन वल्ही, दोर, पिण्याचं पाणी, टोपी. कुठे जातोय आणि कधी परतणार, हे घरी सांगून ठेवा.

काठावर नाव दोराने बांधलेली असतानाच मोटर लावा. पंख्याची वरची पाती पाण्याखाली किमान वीतभर हवीत, नाहीतर तो हवा ओढतो. पुढे-मागे दोन्हीकडे पाच मिनिटं चालवा, बंद करा, आणि टर्मिनलच्या बाजूची वायर हाताने चाचपा. गरम लागली तर जोडणी पुन्हा आवळल्याशिवाय दोर सोडू नका.