संभाव्यता आणि संख्याशास्त्राचा पाया घरच्या घरी कसा पक्का करावा

संभाव्यता आणि संख्याशास्त्र हे विषय बहुतेकांच्या हातून दहावीनंतर सुटतात आणि पुढे पिकाचा अंदाज, दवाखान्यातला अहवाल किंवा निवडणुकीचे कल यांच्या निमित्ताने पुन्हा समोर येतात. अशा वेळी आपण थेट सूत्रे पाठ करायला बसतो आणि गाडी तिथेच अडते. सूत्र म्हणजे मोजणीचे आटोपशीर रूप असते. ज्याने मोजणी केलेलीच नाही, त्याला सूत्र पाठ होते पण कुठे वापरायचे ते उमगत नाही. म्हणून पुढे दिलेला क्रम मोजणीपासून सुरू होतो. त्यासाठी एक आखीव वही, एक नाणे, दोन वेगळ्या रंगांचे फासे, मूठभर चिंचोके आणि लाल व पांढरी चवळी एवढे साहित्य पुरते. अपूर्णांक आणि टक्केवारी येत असली की पूर्वतयारी झाली. प्रत्येक प्रयोगाआधी आपला अंदाज वहीत लिहून ठेवावा, कारण चुकलेला अंदाज समोर दिसल्याशिवाय आपली समजूत कुठे फसते हे कळत नाही.

पहिली पायरी: नाणे उडवा आणि नोंद ठेवा

प्रथम नाणे न उडवता, केवळ मनाने, शंभर वेळा छापा-काटा लिहून काढावा. मग तेच नाणे खरोखर शंभर वेळा उडवून त्याखाली नोंद करावी. मनाने लिहिलेल्या ओळीत सलग तीन-चार छापे झाले की हात आपोआप काटा लिहितो. खऱ्या नोंदीत मात्र सलग सहा किंवा त्याहून अधिक वेळा एकच बाजू पडलेली दिसण्याची शक्यता सुमारे 80 टक्के असते. यादृच्छिकता, म्हणजे पुढे काय पडेल हे आधी सांगता न येणे, ही एकाआड एक पडणे नव्हे, हे या एका तासात जितके पटते तितके कोणत्याही व्याख्येने पटत नाही.

त्याच नोंदीवरून 10, 20, 50 आणि 100 फेकींनंतर छाप्यांचे प्रमाण काढावे. सुरुवातीला ते बरेच वर-खाली होते आणि पुढे अर्ध्याच्या आसपास स्थिरावू लागते. याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने सिद्ध केलेला आणि 1713 मध्ये प्रसिद्ध झालेला मोठ्या संख्यांचा नियम हेच सांगतो. मात्र हा नियम पूर्वीच्या फेकींची भरपाई करून देत नाही. सलग पाच छापे पडले म्हणून सहाव्या वेळी काट्याची शक्यता वाढत नाही. आधीची तफावत तशीच राहते, फक्त फेकींची संख्या वाढत गेल्याने प्रमाणातील तिचा वाटा लहान होत जातो.

दुसरी पायरी: चिंचोक्यांचे दान

पाठ्यपुस्तकात ही पायरी सहसा नसते, पण मला ती फार मोलाची वाटते. खेळासाठी करतात तसे चिंचोके एका बाजूने खरबरीत दगडावर घासून पांढरे करावेत. आता चिंचोका टाकल्यावर पांढरी बाजू वर येण्याची संभाव्यता किती? दोनच शक्यता आहेत म्हणून घाईने एक छेद दोन असे उत्तर देणे चूक आहे. घासलेली बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असल्याने दोन्ही बाजूंना समान संधी मानण्यास काहीच आधार नाही. दहा चिंचोके वीस वेळा टाकावेत, म्हणजे दोनशे नोंदी होतात, आणि त्यातून प्रमाण काढावे. नीट पाहिले तर प्रत्येक चिंचोक्याचा घास वेगळा असल्याने एकेकाचे प्रमाणही वेगळे येऊ शकते. त्यामुळे प्रत्येकावर खूण करून निराळी नोंद ठेवल्यास अधिकच उत्तम.

यातून दोन मार्ग स्पष्ट होतात. नाणे आणि फासा यांच्या बाबतीत सर्व निष्पत्ती, म्हणजे संभवणारे निकाल, समसंभाव्य (सारखी संधी असलेले) आहेत असे मानून नुसत्या गणतीने संभाव्यता काढता येते. चिंचोके, पाऊस किंवा यंत्रातील बिघाड यांच्या बाबतीत प्रत्यक्ष नोंदीवाचून गत्यंतर नसते.

तिसरी पायरी: सर्व शक्यता मांडून मोजा

वहीत सहा ओळी आणि सहा स्तंभ आखून 36 घरे करावीत आणि प्रत्येक घरात दोन फाशांची बेरीज लिहावी. यालाच नमुना अवकाश म्हणतात. बेरीज 7 येणारी सहा घरे सापडतात, तर बेरीज 2 येणारे एकच. लाल फाशावर 2 व पांढऱ्यावर 5, आणि लालवर 5 व पांढऱ्यावर 2, या दोन निराळ्या निष्पत्ती आहेत. फासे दोन रंगांचे घेण्याचे कारण हेच. या ठिकाणी चूक झाली तरी खचून जाऊ नये. दोन फेकींत एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता तीन छेद चार आहे, पण दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने 1754 मध्ये ती दोन छेद तीन अशी मांडली होती. पहिल्याच फेकीत छापा, दुसऱ्या फेकीत छापा आणि एकदाही नाही, या तीन शक्यता त्याने समान मानल्या होत्या.

यानंतर पूरक घटनेची, म्हणजे हवी ती घटना न घडण्याची संभाव्यता आधी काढण्याची, युक्ती शिकावी. एक फासा चार वेळा टाकला असता एकदा तरी 6 पडण्याची संभाव्यता थेट मोजणे किचकट आहे. पण एकदाही 6 न पडण्याची संभाव्यता पाच छेद सहाचा चौथा घात, म्हणजे 625 छेद 1296, इतकी सहज निघते. ती एकातून वजा केली की 671 छेद 1296, म्हणजे सुमारे 51.8 टक्के हे उत्तर मिळते. दोन फासे 24 वेळा टाकून एकदा तरी दोन्हींवर 6 पडण्याची संभाव्यता मात्र सुमारे 49.1 टक्केच येते. पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या 1654 च्या पत्रव्यवहारात हा प्रश्न आलेला आहे, आणि दुसरे उत्तर स्वतः काढून पाहणे हा उत्तम सराव आहे.

चौथी पायरी: अट घातली की आकडा बदलतो

सशर्त संभाव्यता, म्हणजे एखादी अट पूर्ण झाली आहे असे धरून काढलेली संभाव्यता, सूत्राने शिकण्याऐवजी माणसे मोजून शिकावी. समजा, 10,000 लोकांपैकी 100 जणांना एक आजार आहे. तपासणी आजारी व्यक्तींपैकी 90 टक्के ओळखते आणि निरोगी व्यक्तींपैकी 5 टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. तर 100 पैकी 90 जण सापडतील आणि 9,900 निरोगी लोकांपैकी 495 जणांचा अहवालही होकारार्थी येईल. एकूण 585 होकारार्थी अहवालांपैकी खरे आजारी 90, म्हणजे सुमारे 15 टक्के. आजारी असल्यास अहवाल होकारार्थी येण्याची संभाव्यता 90 टक्के आणि अहवाल होकारार्थी असल्यास आजारी असण्याची संभाव्यता 15 टक्के, या दोन गोष्टींत घोटाळा झाला तर माणसे विनाकारण हवालदिल होतात. अशी किमान पाच कोष्टके वेगवेगळे आकडे घेऊन स्वतः भरावीत, आणि त्यांपैकी एकात आजार 10,000 पैकी 3,000 जणांना आहे असे धरून उत्तर किती बदलते ते अवश्य पाहावे.

पाचवी पायरी: आपलीच आकडेवारी गोळा करा

संख्याशास्त्राकडे वळताना पुस्तकातील तयार आकडे बाजूला ठेवून स्वतःच्या दिनक्रमातील काहीतरी आठवडाभर मोजावे. उदाहरणार्थ, रोजची एसटी किती मिनिटे उशिरा येते हे नोंदवले आणि सात दिवसांत 2, 3, 3, 4, 5, 6 आणि 40 असे आकडे मिळाले, असे समजू. बेरीज 63, म्हणून मध्य 9 मिनिटे. आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधला येतो 4, तो मध्यक. आणि सर्वांत जास्त वेळा आलेला 3, तो बहुलक. सातपैकी सहा दिवस उशीर मध्यापेक्षा कमीच होता, कारण एका दिवसाच्या 40 मिनिटांनी मध्य वर ओढला गेला. उत्पन्न, जमीनधारणा, घरांच्या किमती यांची सरासरी वाचताना हाच प्रश्न विचारावा की मध्यक किती आहे.

आता दुसऱ्या मार्गावरील गाडी 8, 9, 9, 9, 9, 9 आणि 10 मिनिटे उशिरा आली असे धरू. तिचाही मध्य 9 आहे, पण प्रवाशासाठी दोन्ही गाड्या सारख्या नाहीत. प्रत्येक आकड्यातून मध्य वजा करावा, फरकांचे वर्ग करावेत, त्या वर्गांचा मध्य काढावा आणि त्याचे वर्गमूळ घ्यावे. हे प्रमाण विचलन. पहिल्या गाडीसाठी वर्गांची बेरीज 1132 येते आणि प्रमाण विचलन सुमारे 12.7 मिनिटे, दुसऱ्या गाडीसाठी बेरीज अवघी 2 आणि विचलन जेमतेम अर्धा मिनिट. हे गणित एकदा तरी कागदावर हाताने करावे, स्प्रेडशीट नंतर वापरावी.

सहावी पायरी: शितावरून भाताची परीक्षा

नमुना निवडीचे सगळे शास्त्र या म्हणीत दडलेले आहे, आणि त्याची अटही. एक शीत पुरते, कारण पातेल्यातला भात बहुधा सारखाच शिजतो. पण तळाला करपला असेल तर वरच्या शितावरून ते कळणार नाही. समाज आणि शेत हे पातेल्यासारखे एकजीव नसतात, म्हणून नमुना आपल्या सोयीने न निवडता यादृच्छिक पद्धतीने निवडावा लागतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक उत्पादनाच्या अंदाजासाठी याच तत्त्वावर मोलाचे काम केले. पीक कापणी प्रयोगात शेतातला चौकोन डोळ्यांना चांगला दिसतो म्हणून निवडायचा नसतो. त्याची जागा यादृच्छिक अंकांवरून ठरते आणि तेवढ्याच चौकोनातले पीक कापून तोलले जाते.

घरी याचा प्रयोग असा करावा. लाल चवळीचे 60 आणि पांढऱ्या चवळीचे 140 दाणे एका डब्यात घालून नीट हलवावेत. न पाहता 20 दाणे काढून लाल किती ते मोजावे, दाणे परत टाकून पुन्हा हलवावे आणि असे तीस वेळा करावे. आडव्या रेषेवर 0 ते 20 अंक लिहून प्रत्येक वेळी आलेल्या संख्येवर एक ठिपका द्यावा. ठिपक्यांचा ढीग 6 च्या भोवती जमतो आणि दहांपैकी साधारण आठ वेळा उत्तर 4 ते 8 यांच्या दरम्यान येते. त्यानंतर न हलवता, लाल दाणे तळाशी आणि पांढरे वर ठेवून वरचेच 20 काढावेत. मग नमुना कितीही वेळा काढला तरी उत्तर चुकीचेच राहते.

ठिपक्यांचे हे चित्र हाताशी ठेवून बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग 1 मधील संभाव्यता आणि सांख्यिकी ही दोन प्रकरणे उदाहरणांसकट सोडवावीत. त्यानंतर बारावीपर्यंतच्या पुस्तकांतून सशर्त संभाव्यता आणि द्विपद वितरण (ठरावीक प्रयत्नांत एखादी गोष्ट किती वेळा घडेल याच्या संभाव्यता) शिकावे, आणि द्विपद वितरणाचे सूत्र हाती आले की 20 दाण्यांत नेमके 6 लाल येण्याची संभाव्यता अंदाजे काढून ती आपल्या तीस ठिपक्यांशी ताडून पाहावी.