एक्झिबिशनच्या स्टॉलसाठी हाताने रंगवलेलं म्युरल कसं करायचं

छापलेला फ्लेक्स प्रत्येक स्टॉलवर असतो, त्यामुळे हाताने रंगवलेली भिंत दिसली की माणूस थबकतो, जवळ येऊन ब्रशचे फटकारे बघतो. फक्त एक लक्षात घ्या, हे म्युरल सुटं करून गाडीत घालायचंय, हॉलवर तासा-दोन तासांत जोडायचंय आणि शो संपला की परत उतरवायचंय, म्हणून ब्रश हातात घेण्याआधीच अर्धं काम ठरून जातं.

सगळ्यात आधी आयोजकांची नियमावली नीट वाचा. भिंत किती उंच चालेल, खिळे ठोकता येतात का, आगीबाबत काय नियम आहेत, हे सगळं त्यात असतं. बऱ्याच हॉलमध्ये आग सहज न पकडणारंच मटेरियल लागतं आणि त्याचं सर्टिफिकेट मागतात, मग ते प्लाय घेतानाच मागून घ्या. ३ बाय ३ मीटरचा स्टॉल म्हटला तरी खांबांच्या जाडीत काही सेंटीमीटर जातात, त्यामुळे आतलं खरं माप विचारा.

पॅनल, म्हणजे म्युरलचे सुटे भाग, प्लायचे किंवा एमडीएफचे (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली शीट) करा. ८ बाय ४ फुटांची १२ मिमीची एमडीएफ शीट साधारण २५ किलोच्या वर जाते, एकट्याने उचलायचं काम नाही ते, म्हणून मी ६ मिमीची घेऊन मागून लाकडी पट्ट्यांची फ्रेम मारते. प्रायमरचे दोन हात द्यायचे, मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवायचा, आणि मागच्या बाजूलाही एक हात द्यायचाच, एकाच बाजूला रंग बसला की पॅनल वाकतो. एमडीएफच्या कडा पाणी पिऊन फुगतात, तिथे जास्तीचा हात. मग मागे १, २, ३ असे नंबर आणि वर कुठे ते बाण काढून ठेवा.

आता डिझाइन. इथे घाई करू नका. समोर टेबल येणार, त्यामुळे खालचे ७५ सेंटीमीटर जवळजवळ झाकलेच जातात, त्याच्या वरही माणसं उभी असतात, म्हणून नाव आणि मुख्य चित्र वरच्या भागात घ्या. पॅनलचा जोड चेहऱ्यावरून किंवा अक्षरातून जाता कामा नये. अक्षरांसाठी एक ढोबळ हिशोब आहे, १० फुटांवरून सहज वाचायला निदान १ इंच उंची, पण तो रोमन कॅपिटल अक्षरांचा आहे, आपल्या अक्षरांना वर-खाली वेलांट्या, मात्रा, उकार असतात, तर मी सरळ दुप्पट धरते. चालत जाणाऱ्याला तीन-चार सेकंदात कळेल असं एकच मोठं चित्र ठेवा, बारीक काम जवळ येणाऱ्यांसाठी एखाद्या कोपऱ्यात करा.

चित्र मोठं करायला सोपा मार्ग म्हणजे चौकटी. कागदावर १ इंचाची चौकट, पॅनलवर १ फुटाची, एकेक चौकट बघून उतरवायची. प्रोजेक्टर असेल तर काम पटकन होतं, मात्र तो पॅनलच्या अगदी समोर सरळ हवा, तिरका असला की चित्र ताणलं जातं. लोगो आणि अक्षरांना मी कागदावर बाह्यरेषेने बारीक भोकं पाडून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटते, रेषा तंतोतंत उतरते.

रंग ॲक्रिलिक घ्या, वास कमी आणि वाळतो लवकर. सगळे पॅनल शेजारी शेजारी उभे करूनच रंगवा, एकेक वेगळा रंगवला की जोडावर शेड बदलते. वाळल्यावर रंग थोडा गडद होतो, म्हणून आधी तुकड्यावर लावून वाळू द्या आणि हॉलमध्ये असतील तसल्याच दिव्याखाली बघा, पिवळ्या उजेडात निळा मंद पडतो. प्रत्येक शेड लागेल त्यापेक्षा जास्त कालवून झाकणाच्या डब्यात ठेवा, तीच शेड पुन्हा जमवणं फार अवघड. आधी मागचे मोठे सपाट रंग रोलरने, मग आकार, शेवटी रेषा आणि अक्षरं.

पूर्ण वाळल्यावर मॅट वॉर्निश. चकचकीत मारलं तर स्पॉटलाइट त्यात चमकतात आणि फोटोत चित्रच दिसत नाही.

पॅकिंगला मी एकदा बबल रॅप थेट रंगावर गुंडाळलं होतं, उघडल्यावर अख्ख्या पॅनलवर बुडबुड्यांचे ठसे, फार वाईट वाटलं होतं, दोन आठवड्यांची मेहनत होती ती. ॲक्रिलिक कोरडा वाटला तरी दाबाने चिकटतो, आणि उन्हात उभ्या गाडीत तर जास्तच. म्हणून आधी गुळगुळीत बटर पेपर, मग फोम, आणि पॅनल उभेच न्यायचे. घरी एकदा पूर्ण जोडून बघा, वेळ लावून. सोबत डब्यांमधला उरलेला रंग, दोन बारीक ब्रश, मॅट वॉर्निश, स्क्रू आणि लेव्हल (पॅनल सरळ बसलाय का ते बघायची बुडबुड्याची पट्टी) घ्या, कारण कोपरे खरचटतातच आणि जोडावरचे स्क्रूचे डोके तिथेच रंगवावे लागतात.