खेळाडूचा कोच कसा होतो? जिमी अलापागचं करिअर समोर ठेवून, मुंबईतल्या बास्केटबॉलवाल्यांसाठी

मुंबईत बास्केटबॉल खेळणाऱ्याचं साधारण ठरलेलं असतं, शाळा, कॉलेज, मग जमलं तर स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वे नाहीतर बँक, आणि गुडघे कुरकुरायला लागले की कोणीतरी म्हणतंच "आता कोचिंग कर की". म्हणजे खेळ संपल्यावर उरलं काय तर कोचिंग. ज्याला खरंच कोच व्हायचंय त्याने हे आधी डोक्यातून काढा, आणि त्यासाठी फिलिपिन्सच्या जिमी अलापागचं करिअर नीट बघा. तिथलंच का, तर आपल्याकडे क्रिकेटचं जे वेड आहे ते तिकडे बास्केटबॉलचं आहे, पीबीए ही आशियातली पहिली प्रो लीग 1975 पासून चालू आहे, त्यामुळे खेळाडूचा कोच होण्याचे जेवढे म्हणून प्रकार असतील ते तिथे सगळे करून झालेत. वर अलापागची उंची 5 फूट 9 इंच. माटुंग्याच्या कोर्टवर अशी पोरं ढिगाने सापडतील.

त्याचे आकडे पटकन सांगतो. जन्म कॅलिफोर्नियाचा, पीबीएच्या 2003 च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात तो) दहावा नंबर, त्याच वर्षी रुकी ऑफ द इयर म्हणजे सर्वोत्तम नवा खेळाडू, 2011 ला एमव्हीपी म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, टॉक एन टेक्स्ट या टीमकडून सहा टायटल. पण कोच व्हायचं असेल तर पॉइंट्स बघू नका, मॅच बघा, आणि एकच बघायची असेल तर 2013 ची मनिलातली आशियाई स्पर्धेची सेमीफायनल, समोर कोरिया. फिलिपिन्सचा मोठा सेंटर मार्कस डाउथिट पहिल्या हाफमध्येच दुखापतीने बाहेर, तरी 86-79 ने जिंकले आणि शेवटी शेवटी अलापागने मारलेले थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन पॉइंटचे बास्केट, लोकांना अजून आठवतात. तुम्ही ते थ्री सोडून द्या. बॉल हातात नसताना तो काय करतोय ते बघा, कोणाला कुठे उभं राहायला सांगतोय, फ्री थ्रोच्या वेळी कोणाला जवळ बोलावतोय. तो कोच नंतर झाला असं कागदावर आहे, पण कोचिंग तिथेच चालू होतं.

तर पहिलं काम, खेळत असतानाच सुरू करा. बेंचवर असाल तर मोबाईल बॅगेत, आणि बसायचं कोचच्या शेजारी, टोकाला जाऊन गप्पा मारायच्या नाहीत. एक छोटी वही ठेवा. समोरच्यांचे टीम फाऊल किती झाले (क्वार्टरमध्ये चार झाले की पुढच्या फाऊलला दोन फ्री थ्रो, हे अर्ध्या पोरांना मॅच चालू असताना आठवतच नाही), कोणाचे स्वतःचे चार फाऊल झालेत आणि पाचव्याला कोण बाहेर जाणार, टाइमआउट किती शिल्लक. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात पहिल्या हाफला दोन, दुसऱ्याला तीन, आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले जास्तीत जास्त दोनच वापरता येतात, म्हणजे तिन्ही राखून ठेवणाऱ्याचा एक फुकट जातो. मी असतो तर इथे टाइमआउट घेतला असता असं वाटलं की वेळ आणि स्कोअर लिहून ठेवायचा आणि रात्री कोणीतरी गॅलरीतून काढलेल्या व्हिडिओशी ताडून बघायचं. बऱ्याचदा दिसतं की आपल्याला वाटलं त्याच्या दोन पझेशन (बॉल एका टीमच्या ताब्यात असतो ती पाळी) आधीच गडबड सुरू झाली होती.

दुसरं म्हणजे लहान पोरांची टीम घ्या, तेरा-चौदा वर्षांची. सीनियर पोरं स्वतःच्या टॅलेंटवर जिंकून देतात आणि आपल्याला वाटतं आपण कोच झालो. लहान पोरांना मात्र सांगितलेलं कळलं की नाही ते पुढच्याच पझेशनला दिसतं. टाइमआउटची प्रॅक्टिस तर वेगळी करा, खरंच स्टॉपवॉच लावून. मिळतात साठ सेकंद, त्यातले पंधरा-वीस पोरं बेंचपर्यंत येण्यात आणि पाणी पिण्यात जातात, परत कोर्टवर जायला थोडे, म्हणजे हातात राहतो जेमतेम अर्धा मिनिट. त्यात एक डिफेन्सची गोष्ट, एक ऑफेन्सची, बस. बोर्ड पोरांच्या बाजूने धरा, आपल्या बाजूने धरला तर त्यांना सगळं उलटं दिसतं, आणि शेवटी एकाला विचारा "काय करायचंय सांग". त्याला सांगता आलं नाही तर चूक त्याची नाही. आणि आईबाबा गॅलरीतून ओरडणारच, त्याला इलाज नाही.

आता एक वाट आहे जी बघायला भारी आहे पण कॉपी करू नका, फिलिपिन्सच्याच रॉबर्ट जावोर्स्कीची. 1968 च्या ऑलिम्पिकला खेळलेला माणूस, 1978 चा एमव्हीपी, आणि मग पीबीएमधल्या गिनेब्रा टीमचा प्लेइंग कोच, म्हणजे खेळतोयही आणि टीमही चालवतोय, ते पण वर्षानुवर्षं. 1991 च्या फायनलला 3-1 ने मागे असताना त्याच्या टीमने सीरिज काढली. 1998 ला तर गडी सिनेटर म्हणून निवडून आला. आपल्याकडे लोकल टूर्नामेंटला हेच चालतं, सर्वात सीनियर तोच कॅप्टन, तोच कोच, एंट्री फी भरणारा पण तोच. नियमात बसतं, कोच नसेल तर कॅप्टन कोच म्हणून काम करू शकतो. पण धाप लागलेला माणूस स्वतःला बाहेर काढत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. करायचंच असेल तर सब्स्टिट्यूशन बेंचवरच्या कोणाकडे तरी देऊन टाका आणि त्याने बोलावलं की वाद न घालता बसा.

माणसं सांभाळणं हा भाग कुठल्याच कोर्सला नीट शिकवत नाहीत. अलापाग 2018 ला अलाब पिलिपिनास टीमला घेऊन एबीएल जिंकला, ही आग्नेय आशियातली लीग. त्या टीममध्ये रेनाल्डो बाल्कमन होता, ज्याने 2013 ला पीबीएमध्ये स्वतःच्याच टीममेटचा गळा धरला होता आणि त्याच्यावर आजन्म बंदी आली होती. अशा माणसाला घ्यायचं, त्याच्या जोडीला जस्टिन ब्राउनली आणि रे पार्क्ससारखे स्टार, आणि सगळ्यांना एकाच बॉलवर खेळवायचं. आपल्या लेव्हलला गळा कोणी धरत नाही, पण प्रत्येक टीममध्ये एक तापट पोरगा असतो आणि बहुतेक कोच एकतर त्याला हाकलतात नाहीतर तो पॉइंट्स काढतो म्हणून सगळं चालवून घेतात. त्याच्याशी प्रॅक्टिसच्या आधी, एकट्यात बोला, मॅचमध्ये सगळ्यांसमोर नाही. आणि नियम सगळ्यांना एकच, उशिरा आला तर स्टार्टिंग फाइव्हमध्ये नाही, मग ट्रेन लेट असो नाहीतर काही असो.

यापुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टायटल जिंकलेला हेड कोच म्हटल्यावर आपला माणूस काय करेल, परत असिस्टंट होईल? नावच नको. अलापाग मात्र पीबीएच्या सॅन मिगेल टीममध्ये असिस्टंट होता, मग अमेरिकेत जाऊन स्टॉकटनला, म्हणजे अमेरिकेच्या सर्वात मोठ्या लीगच्या, एनबीएच्या, खालच्या जी लीगमध्ये, तिथेही असिस्टंट, आणि तिथून एनबीएच्या सॅक्रामेंटो किंग्जमध्ये प्लेअर डेव्हलपमेंट कोच. हेच ते किंग्ज जे ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स या एनबीए टीमशी खेळून गेले (पहिली मॅच ओव्हरटाइमला 132-131 ने हरले), आणि ज्यांचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे. तर कोणी चांगला कोच असिस्टंट म्हणून घेत असेल तर "मी अमुक लेव्हल खेळलोय" हे घरी ठेवून जा. बॉल गोळा करा, स्कोअर शीट लिहा, उशिरापर्यंत थांबून एकेकाचं शूटिंग घ्या. आपल्याकडे नागपाडा आहे, जिथून 1970 चा अर्जुन पुरस्कारवाला अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कॅप्टन निघाला. तिथल्या जुन्या लोकांच्या शेजारी बसून मॅच बघायला मिळाली तर सोडू नका. शिव्या ऐकाव्या लागतील, पण फुकटात शिकाल.

सर्टिफिकेट लागतंच. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंगचा डिप्लोमा असला तर नोकरीला वजन पडतं, तेवढी रजा मिळत नसेल तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे. रेफ्रीची परीक्षा पण देऊन टाका, वादावादी निम्मी कमी होते आणि रविवारचे चार पैसे सुटतात. पैशाचं खरं सांगायचं तर सुरुवातीला नोकरी सोडू नका, संध्याकाळच्या दोन तासांवर घर चालत नाही.

पावसाळ्याचं आधीच ठरवा. आपले बरेचसे कोर्ट उघडे आणि सिमेंटचे, ओल्या कोर्टवर पळवून कोणाचा घोटा गेला तर त्याचा सीझन संपला. जून ते सप्टेंबर एखादा पॅसेज, जिन्याखालची जागा, शाळेचा हॉल मिळवा आणि स्टान्स (उभं राहायची पद्धत), पिव्हट (एक पाय रोवून वळणं), डिफेन्सची पावलं, भिंतीवर पासिंग एवढंच घ्या, हॉलमध्ये बसून व्हिडिओ दाखवा. आणि टीम हवी असेल तर शाळा सुरू झाल्यावर जाऊ नका, एप्रिलमध्येच पीटीच्या सरांना गाठा, मे महिन्याचं शिबिर फुकट घेतो म्हणा, पण जूनपासून काय मिळणार ते त्याच वेळी लिहून घ्या.