या चुका टाळा: बोटीने एका दिवसाची सहल, आधी परतीची बोट मग किनारा

दिवाळी सरली की नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतोच. "रविवारी बोटीने अलिबागला निघालोय, कुठला बीच चांगला?" मी उलट विचारते, परतीची बोट कितीची धरली आहे? बहुतेकदा उत्तर येतं, "ते तिकडे गेल्यावर बघू." सहल बिघडते ती इथे. किनारे सगळेच बरे आहेत, नागाव नाही तर किहीम, किहीम नाही तर आवास. पण शेवटची बोट, भरती-ओहोटीची वेळ आणि जेट्टीपासूनचं अंतर यांच्याशी कुणाला घासाघीस करता येत नाही. म्हणून या गोष्टी आधी ठरवायच्या आणि त्यात जो किनारा बसेल तो घ्यायचा. माझं आजोळ थळचं, त्यामुळे या वाटेवर खूप फेऱ्या झाल्या आहेत आणि पाहुण्यांच्या त्याच त्या चुका अनेकदा बघितल्या आहेत.

धक्काच चुकतो

मुंबईहून अलिबागला नेणारी बोट लागते ती मांडव्याच्या जेट्टीला. आणि मांडव्याची बोट म्हटलं की लोक डोळे मिटून गेटवेला जातात. तिथून कॅटॅमरान आणि साध्या लाँच सुटतात. गाडी चढवता येते ती रो-रो मात्र माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून निघते. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली, तरी अजून दर रविवारी कुणी ना कुणी रो-रोचं तिकीट हातात घेऊन गेटवेवर उभं असतं. तिकिटावरचं धक्क्याचं नाव आदल्या रात्रीच वाचा.

भाऊच्या धक्क्याला जवळचं स्टेशन डॉकयार्ड रोड, म्हणजे हार्बर लाइन. आणि रविवारी हार्बरला मेगाब्लॉक असू शकतो. जाताना लोकल वेळेवर मिळते, अडचण येते ती दुपारी परतताना, दमलेली मुलं आणि ओल्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन. शनिवारी संध्याकाळी ब्लॉकची वेळ बघून ठेवा.

पावसाळ्याचंही तसंच. गेटवे-मांडवा वाहतूक जूनपासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते. रो-रो त्या दिवसांतही चालते, पण हवा बिघडली की फेरी रद्द होते. श्रावणात अलिबागचा बेत आखताना हे धरूनच आखा.

मांडवा म्हणजे अलिबाग नव्हे

बोट पाऊण-एक तासात मांडव्याला लागते आणि लोकांना वाटतं, पोहोचलो. अलिबाग तिथून अजून सुमारे वीस किलोमीटर आहे. गेटवेच्या तिकिटात बहुधा मांडवा-अलिबाग बसही असते, पण ती त्याच कंपनीची आणि त्याच बोटीला जोडलेली. परतताना हे फार महत्त्वाचं ठरतं. सहाची बोट असेल तर सहाला मांडव्यात असून भागत नाही, अलिबागहून तास-सव्वा तास आधी बस गाठावी लागते. रविवारी संध्याकाळी चोंढी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे गाड्यांची रांग लागते, तेव्हा तर आणखी आधी.

माझ्या मामेबहिणीच्या घरचे एकदा नागावच्या किनाऱ्यावर "अजून अर्धा तास" करत बसले. बस गेली, मग बोट गेली. एस.टी.ने वडखळ, पेण, पनवेल करत रात्री साडेअकराला ठाण्याला उतरले, आणि त्यांच्यातल्या आजोबांची औषधाची वेळ टळली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की शेवटच्या बोटीचं तिकीट काढूच नका, तिच्या आधीचीचं काढा. आधीची चुकली तर हाताशी एक उरते.

काशीद आणि मुरूड-जंजिरा या गणितात बसत नाहीत. जंजिरा अलिबागहून पन्नासेक किलोमीटर पुढे आहे. राजपुरीला जायचं, शिडाच्या होडीची वाट बघायची, किल्ला बघायचा आणि संध्याकाळी पुन्हा मांडवा गाठायचा, यात किल्ला धावत बघावा लागतो. जंजिऱ्याला एक रात्र द्या.

घारापुरीला पोहायचे कपडे

घारापुरीला समुद्रस्नानाची पुळण नाही. तिथे चिखल आणि कांदळवन आहे. तरी मुलं बादल्या-फावडी घेऊन उतरतात आणि हिरमुसतात. तिथे जायचं ते लेण्यांसाठी, आणि लेणी सोमवारी बंद असतात. सोमवारी सुट्टी आहे, गर्दी नसेल, असा विचार करून निघालेल्यांची संख्या थोडी नाही. गेटवेवरून तासाभराचा प्रवास, मग जेट्टीवरून चालत किंवा छोट्या आगगाडीने पायथ्याशी, आणि पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. पायऱ्यांवर माकडं असतात, खाऊची पिशवी हातात उघडी नको. पर्यटकांना बेटावर राहायची सोय नाही, त्यामुळे उतरतानाच आपल्या बोटीचं नाव आणि शेवटची फेरी कितीची हे बोटवाल्यालाच विचारून घ्या.

बोट लागणं आणि लाईफ जॅकेट

सकाळी समुद्र ताटात ठेवलेल्या पाण्यासारखा असतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. फेब्रुवारी ते मे दुपारनंतर पश्चिमेचा वारा चढतो आणि परतीची बोट हलायला लागते. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावर मध्यभागी बसावं, लांबच्या क्षितिजाकडे बघावं, मोबाइलमध्ये मान घालू नये. भरल्या पोटी, तेही तळलेली सुरमई खाऊन लगेच, बोटीत चढू नये. आलेपाक किंवा आवळासुपारी जवळ असू द्या.

लाईफ जॅकेटबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण गेले. हवा स्वच्छ होती, समुद्र शांत होता. जॅकेट उकडतं, फोटोत बरं दिसत नाही, ही कारणं त्या दिवसानंतर तरी कुणी देऊ नयेत. बोट सुटण्याआधी अंगात घाला, पट्टा आवळा, आणि मुलांसाठी मुलांच्या मापाचं मागून घ्या. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून निसटतं.

आणखी एक. हिवाळ्यात मांडव्याच्या बोटीमागे कुरव पक्ष्यांचे थवे येतात आणि लोक त्यांना शेव-गाठ्या फेकतात. ते पक्षी हिवाळ्यापुरते दुरून इथे येतात, त्यांचं खाणं मासे आहे. कृपा करून पाकिटं फोडू नका.

बोरिवलीहून गेटवे कशाला?

उपनगरात राहणाऱ्यांचा अर्धा दिवस गेटवे गाठण्यात जातो. मालाडच्या मार्वे जेट्टीवरून मनोरीची फेरी काही मिनिटांची आहे, वर्सोव्याहून मढचीही तशीच. घरात तान्हं मूल किंवा थकलेली आई असेल तर मी हेच सुचवते. फक्त त्याच पट्ट्यातल्या आक्साच्या पाण्यात उतरू नका. तिथे पायाखालची वाळू सरकते आणि पाणी आत ओढतं, दरवर्षी तिथून बुडाल्याच्या बातम्या येतात.

घड्याळाआधी तिथी

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती अगदी हुशार माणसंही करतात. सुट्टी बघून तारीख ठरवतात आणि अलिबागला कुलाबा किल्ल्यासमोर उभं राहिल्यावर कळतं, मध्ये गळ्याएवढं पाणी आहे. या किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, थोडं पाणी असेल तर घोडागाडी नेते. आत गणपतीचं देऊळ आहे आणि भर समुद्रात गोडं पाणी आहे. ते बघायचं तर सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, कितीची हे घरातूनच काढता आलं पाहिजे.

मामाने मला आठ-नऊ वर्षांची असताना शिकवलेला हिशेब असा. तिथीचा आकडा तीनने गुणायचा, चारने भागायचा, येतो तो भरतीचा वेळ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पंचमी घ्या, पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या मध्यावर, दहाच्या आसपास, सुकती. अष्टमीला भरती सहाला, सुकती बाराला. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे सुकती पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या मागेपुढे, सहलीच्या काहीच उपयोगाची नाही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण बेत आखायला पुरतं.

मग अष्टमीच बरी, भर दुपारी सुकती, असं वाटेल. पण अष्टमीला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, तसंच फार उतरतही नाही, आणि किल्ल्याच्या वाटेवर गुडघा-मांडीएवढं पाणी राहू शकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे जातं, पण नको त्या वेळी. म्हणून मामाची पसंती चतुर्थी ते षष्ठी. उधाणाचा जोर थोडा शिल्लक असतो आणि सुकती सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान येते. पहिली बोट घेतली तर बरोबर जमतं. सुकतीच्या तासभर आधी वाळूत उतरा आणि पाणी फिरलं की किल्ल्यातून निघा. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारा, त्याचं उत्तर माझ्या हिशेबापेक्षा खरं.

हाच हिशेब भाऊच्या धक्क्यावरून मोरा आणि रेवसला जाणाऱ्यांनी उलटा वापरायचा. तिथे गाळ साचलेला आहे, मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या थांबतात. मोऱ्याला जाऊन उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावर दिवस घालवायचा असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस टाळा, कारण त्या दिवसांत नेमकी परतीच्या वेळी सुकती येते. अडकलातच तर घाबरू नका, जानेवारी २०२४ पासून उरणहून लोकल आहे, बेलापूर-नेरूळकडे निघून हार्बरने घरी जाता येतं.

आता भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि शनिवार-रविवारी येणारी चतुर्थी, पंचमी किंवा षष्ठी शोधा. या महिन्यात नसेल तर किल्ला पुढच्या महिन्यावर ठेवा आणि मांडव्याला उतरून जवळच्या सासवण्याला जा. पुण्यातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवणाऱ्या करमरकरांचं घर तिथे आहे, त्यांची शिल्पं अंगणात आणि खोल्यांत मांडलेली आहेत, आणि ती बघायला भरती-ओहोटीची वाट बघावी लागत नाही.