पोकेमॉन पॉकेटमध्ये डेक लावताना या चुका टाळा

सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत पोकेमॉन टीसीजी पॉकेट हा मोबाइलवरचा पत्त्यांचा गेम खेळणारी पोरं आता कुठंही भेटतात. मॅच हरली की बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "पानंच आली नाहीत, मालक." कधी कधी ते खरंही असतं. पण त्यांचा डेक, म्हणजे खेळायला निवडलेला कार्डांचा गठ्ठा, उघडून बघितला की लक्षात येतं, हवी ती पानं यावीत अशी सोयच त्यात केलेली नसते. रँकमधल्या निम्म्याहून जास्त मॅचचा निकाल मॅच सुरू होण्याआधी, डेक लावतानाच लागलेला असतो असं माझं ठाम मत आहे.

डेक 20 कार्डांचा. एका नावाची जास्तीत जास्त 2 कार्डं. समोरचे पोकेमॉन पाडून जो आधी 3 पॉइंट करतो तो जिंकतो. इथं 20 मधलं एकही कार्ड "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून ठेवायला परवडत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवडणारे सगळे पोकेमॉन एकाच डेकमध्ये कोंबणं. गार्डेवॉर आवडतो, चारिझार्डही आवडतो, म्हणून दोघांची अख्खी साखळी, म्हणजे बेसिक, त्यावर स्टेज 1 आणि त्यावर स्टेज 2 अशी वाढत जाणारी कार्डं, घातली जाते. जरा हिशोब करू. राल्ट्स (बेसिक), किर्लिया (स्टेज 1) आणि गार्डेवॉर (स्टेज 2) प्रत्येकी 2 घेतले, तर सुरुवातीची 5 आणि पुढची 5 अशी 10 कार्डं हातात येईपर्यंत तिन्ही टप्प्यांचं किमान एकेक कार्ड मिळण्याची शक्यता 40 टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे अर्धा डेक संपला तरी एक साखळी निम्म्या वेळाही पूर्ण होत नाही. अशा दोन साखळ्या घातल्या, तर त्याच 10 कार्डांत दोन्ही पूर्ण होण्याची शक्यता 13 टक्क्यांवर येते. रमीत अर्धवट सीक्वेन्स हातात धरून वाट बघता येते, इथं समोरचा तेवढ्यात दोन पोकेमॉन पाडून मोकळा होतो. म्हणून स्टेज 2 ची साखळी एकच ठेवा. उरलेल्या जागा तिला लवकर हातात आणणाऱ्या कार्डांना द्या. 2 कार्डं ओढून देणारं प्रोफेसर्स रिसर्च 2 आणि डेकमधून बेसिक काढून देणारा पोके बॉल 2, यांना हात लावू नका. स्टेज 2 असेल तर रेअर कँडीही बघा, ते बेसिकवरून थेट स्टेज 2 वर नेतं.

दुसरी चूक उलट्या बाजूची. चांगल्या खेळाडूची डेक लिस्ट उतरवून घ्यायची आणि त्यातली "फालतू" कार्डं काढून जोरदार कार्डं घालायची. सुरुवातीच्या काळात गाजलेला म्यूटू ईएक्स (ईएक्स म्हणजे जास्त ताकदीचं पोकेमॉन कार्ड) आणि गार्डेवॉरचा डेक घ्या. आता तो जुना झालाय, पण शिकायला त्याच्याइतका चांगला नमुना नाही. त्यात पोकेमॉन फक्त 8: म्यूटू ईएक्स 2, राल्ट्स 2, किर्लिया 2, गार्डेवॉर 2. बाकीची 12 ट्रेनर, म्हणजे मदतीची कार्डं. नवीन पोरगं हा डेक उतरवतं आणि पहिल्यांदा एक्स स्पीड काढून टाकतं, कारण ते कार्ड डॅमेज देत नाही, कार्ड ओढत नाही, फक्त रिट्रीटची, म्हणजे पुढचा पोकेमॉन मागं नेण्याची, किंमत 1 ने कमी करतं.

आता पहिली खेळी बघा. हातात बेसिक म्हणून फक्त राल्ट्स आला, तोच पुढं बसवावा लागला. दोन टर्ननंतर म्यूटू आला. राल्ट्सला मागं न्यायला 1 एनर्जी (हल्ल्यालाही लागणारं इंधन) लागते. एक्स स्पीड असेल तर तो फुकट मागं जातो. नसेल तर त्या टर्नची एनर्जी राल्ट्सला लावून टाकून द्यायची. टर्नला एनर्जी एकच मिळते, आणि म्यूटूच्या 150 डॅमेजच्या हल्ल्याला 4 लागतात. म्हणजे एका कार्डावाचून अख्खा टर्न गेला, आणि जास्तीची एनर्जी लावून देणारा गार्डेवॉर अजून तयार नसेल तर तो भरून काढायला दुसरं कोणी नाही. लिस्टमधलं एखादं कार्ड का आहे हे कळत नसेल, तर ते न काढता आधी दहा-पंधरा मॅच खेळा. ते कुठल्या अडचणीसाठी ठेवलंय ते खेळताना दिसतं.

एनर्जीचे रंग वाढवणं हीसुद्धा नेहमीची चूक. या गेममध्ये एनर्जी कार्डं डेकमध्ये नसतात, एनर्जी झोनमधून दर टर्नला एक येते. डेकला दोन रंग लावले तर कुठला येईल ते तुमच्या हातात राहत नाही. दुसऱ्या रंगाच्या एका पोकेमॉनसाठी पहिल्या रंगाचा मुख्य हल्ला टर्नभर लटकतो. एक रंग पुरेसा आहे. बेंचचं, म्हणजे मागं राखीव बसलेल्या पोकेमॉनच्या जागेचंही तसंच. पिकाचू ईएक्सचा हल्ला बेंचवरच्या प्रत्येक लाइटनिंग (विजेच्या रंगाच्या) पोकेमॉनमागे 30 डॅमेज करतो आणि बेंचवर जागा फक्त 3. तिथं दुसऱ्या रंगाचा एक बसला की 90 चे 60 झाले.

पहिला टर्न कुणाचा हे गेम नाणं उडवून ठरवतो. पहिल्या खेळाडूला त्याच्या पहिल्या टर्नला एनर्जी मिळत नाही. त्यामुळे 2 एनर्जीचा हल्ला दुसरा खेळाडू आपल्या दुसऱ्या टर्नला करतो, पहिल्याला तिसऱ्या टर्नपर्यंत थांबावं लागतं. त्या बदल्यात पहिल्याला इव्हॉल्व, म्हणजे पोकेमॉन पुढच्या टप्प्यावर नेणं, आधी करता येतं. डेक या दोन्ही बाजूंनी तपासून घ्या. अनेक जण फक्त आवडत्या बाजूनं झालेल्या मॅच लक्षात ठेवतात.

आता प्रत्यक्ष टर्नमधल्या चुका. पोके बॉल आणि रिसर्च दोन्ही हातात असतील तर आधी पोके बॉल वापरा. तो डेकमधून एक बेसिक बाहेर काढतो, मग रिसर्चच्या 2 कार्डांत कामाचं काही येण्याची शक्यता वाढते. एनर्जी हातातली सगळी कार्डं बघून झाल्यावर लावा. आणि सपोर्टर, म्हणजे रिसर्च, जिओव्हानी यांसारखी ट्रेनर कार्डं, टर्नला एकच. समोरच्या पोकेमॉनचे 160 एचपी (जीव) उरलेत, म्यूटू तयार आहे, जिओव्हानीचे जादा 10 डॅमेज मिळाले की काम झालं. अशा वेळी सवयीनं रिसर्च खेळून बसणारे मी कितीतरी बघितलेत. पॉइंट हातचे गेले आणि समोरच्याला एक टर्न फुकट मिळाला. कुठलंही कार्ड टाकण्याआधी "या टर्नला पाडता येतं का" हे विचारा, मग बाकीचं.

पॉइंटचा हिशोब न करणं सगळ्यात जास्त महागात पडतं. साधा पोकेमॉन पडला तर 1 पॉइंट, ईएक्स पडला तर 2 (मेगा ईएक्स असेल तर 3). तुमचे एक ईएक्स आणि एक साधा पडले की 3 झाले, खेळ संपला. पण आधी दोन साधे पडले आणि मग ईएक्स पडला, तर समोरच्याला दोनाऐवजी तीन पोकेमॉन पाडावे लागतात. म्हणून कोण कुठल्या क्रमानं पुढं येणार हे सुरुवातीपासून डोक्यात हवं. एक साधा पडल्यावर लगेच ईएक्स पुढं आणायचा की अजून एक साधा देऊन वेळ काढायचा, हा निर्णय दर मॅचला येतो.

त्यातच एक गैरसमज असा की मार खाल्लेला ईएक्स बेंचवर नेला की वाचला. सायरस हे सपोर्टर कार्ड बेंचवरच्या जखमी पोकेमॉनलाच ओढून पुढं आणतं. सब्रिना वेगळी, ती पुढचा पोकेमॉन मागं पाठवते आणि बदली कोण येणार ते त्याचा मालकच ठरवतो. 30 एचपी उरलेला ईएक्स बेंचवर ठेवला म्हणजे 2 पॉइंट उघड्यावर ठेवले. समोरच्याचं सायरस दोनदा टाकून झालंय का हे मोजत चला. टाकलेली कार्डं बघायला मिळतात, ती बघणारे फार कमी.

नशिबाबद्दलही बोलायला हवं, कारण डेक बिघडवण्याचं मोठं कारण तेच आहे. मिस्टी कार्डावर काटा पडेपर्यंत नाणं उडवायचं असतं आणि दर छाप्याला एक एनर्जी मिळते, म्हणजे निम्म्या वेळा पहिल्याच फेकीला शून्य. हे दोनदा घडलं की लोक मिस्टी काढतात, पुढच्या आठवड्यात समोरच्याला चार छापे आले की परत घालतात. निम्म्या मॅच जिंकणारा डेकही सलग 5 मॅच हरू शकतो, ती शक्यता 32 मध्ये 1 असते. तीन पराभवांवर डेक मोडू नका. वहीत 30 मॅच लिहा: समोर कोणता डेक, टर्न पहिला की दुसरा, आणि शेवटी हातात कुठली कार्डं पडून राहिली. हा तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. तेच कार्ड पुन्हा पुन्हा हातात पडून राहत असेल तर ते काढा.

पॅक उघडण्यातही घाई नको. नवीन कार्डांचा फुकटचा पॅक 12 तासांनी एक, दर पॅकला 5 पॅक पॉइंट (मॅचच्या पॉइंटपेक्षा वेगळे), आणि चार हिऱ्यांचं (हिरे जितके जास्त तितकं कार्ड दुर्मिळ) ईएक्स कार्ड पॉइंटवर घ्यायचं तर 500 लागतात. म्हणजे 100 पॅक, दिवसाला 2 धरले तर 50 दिवस. हे पॉइंट ज्या सेटचे, म्हणजे एकत्र निघालेल्या कार्डांच्या मालिकेचे, त्याच सेटला चालतात. आज या सेटचा, उद्या त्या सेटचा पॅक फोडणाऱ्याचे पॉइंट सगळीकडे थोडे थोडे पडून राहतात. आधी डेक ठरवा, मग त्याचाच सेट फोडा. एका हिऱ्याचं कार्ड 35 पॉइंटला मिळतं, तेवढ्यासाठी पॅकची वाट बघू नका.

शेवटचं आपल्याकडचं. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की वायफाय जातं, आणि हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना कुर्डुवाडीच्या पुढंमागं रेंज येत-जात राहते. कनेक्शन तुटलं तरी टर्नचं घड्याळ थांबत नाही. गाडीत बसून सोलो बॅटल खेळा, तिथं हरलं तरी रँकला धक्का लागत नाही. रँक खेळायची ती घरी, आणि मोबाइल डेटा आधीच चालू ठेवून, म्हणजे राउटर बंद पडला तरी फोन लगेच त्यावर येतो.