व्हर्च्युअल मशीन चालवायचंय? मग डेस्कटॉपचा प्रोसेसर असा निवडा

सोलापुरात इंजिनिअरिंगची पोरं आणि यंत्रमागवाले, दोघांकडून हल्ली एकच प्रश्न येतो, डेस्कटॉप घ्यायचाय, व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा दुसरा कॉम्प्युटर) चाललं पाहिजे, कुठला प्रोसेसर घेऊ? पोरांना काली लिनक्स, डॉकर, अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर हवा असतो, आणि कारखान्यात बिलिंगचं एखादं जुनं सॉफ्टवेअर असतं जे विंडोज एक्सपीच्या पुढं सरकतच नाही, ते नव्या मशीनवर व्हीएममध्ये टाकायचं असतं. दोघांनाही प्रोसेसरमध्ये हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हीएम चालवायला चिपमध्येच दिलेली सोय, लागणार, इंटेल असेल तर व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एएमडी-व्ही.

नवीन सीलपॅक घेत असाल तर सपोर्ट आहे का हे विचारत बसूच नका. इंटेलनं हे २००५ ला आणलं, एएमडीनं २००६ ला, आणि आज दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही कोअर आय३, आय५ किंवा रायझनमध्ये ते आहेच. बघायचे ते कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग (थ्रेड म्हणजे त्यांवर एकदम चालणारी कामं). एकच व्हीएम आणि बाकी ब्राउझर वगैरे असेल तर आय३-१२१०० चे ४ कोअर ८ थ्रेड पुरतात, पण एका वेळी दोन-तीन व्हीएम उघडणार असाल तर ६ कोअर १२ थ्रेडवाला घ्या, आय५-१२४०० किंवा रायझन ५ ५६००जी. इंटेलच्या नंबरामागं एफ असेल तर त्यात डिस्प्ले चालवणारं ग्राफिक्स नसतं, वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं, बिल करायच्या आधी हे बघाच.

आणि एक अगदी मनापासून सांगतो, बजेट तुटपुंजं असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या पण रॅम १६ जीबीच घ्या, ८ जीबीत विंडोज आणि एक व्हीएम दोघंही रडत चालतात.

खरी गोची सेकंडहँडमध्ये आहे. कोअर २ ड्युओ कितीही स्वस्त देत असतील तरी नकोच, ई७४०० मध्ये तर एकाच नंबरच्या काही चिपांत व्हीटी-एक्स आहे आणि काहींत नाही, आणि असलं तरी ईपीटी (व्हीएमची मेमरी सांभाळायची चिपमधली सोय) नाही, त्यामुळं विंडोजचं हायपर-व्ही (व्हीएम चालवायचं विंडोजमधलंच सॉफ्टवेअर) चालतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनच्या आय५ मध्ये व्हीटी-एक्स आहे, चालतं, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन लागते, म्हणून जुनं घ्यायचंच तर आय५-८४०० च्या खाली जाऊ नका. व्हीटी-डी नावाचं अजून एक असतं, ग्राफिक्स कार्ड थेट व्हीएमला द्यायचं असेल तरच ते बघा, गंमत म्हणजे महागड्या आय७-२६००के मध्ये ते नाही आणि साध्या २६०० मध्ये आहे, म्हणून पूर्ण नंबर घेऊन इंटेलच्या साइटवर शोधा, दुकानदार नुसतं "आय७ आहे ओ" म्हणाला म्हणून पैसे काढू नका.

पैसे द्यायच्या आधी दुकानातच मशीन चालू करायला लावा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये सीपीयू, उजवीकडं खाली व्हर्च्युअलायझेशन अशी ओळ दिसते. एनेबल्ड असेल तर विषय संपला. डिसेबल्ड असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद असतं. रीस्टार्ट करून डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सीपीयू कॉन्फिगरेशन, तिथं इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी किंवा एएमडीला एसव्हीएम मोड, ते चालू करून सेव्ह करा. तरी दिसत नसेल तर एकदा पूर्ण बंद करून प्लग काढून परत लावा.

इथंच एक मोठी अडचण येते, कंपन्यांतून निघालेल्या जुन्या मशीनला बायोसचा पासवर्ड असू शकतो आणि तो दुकानदारालाही माहीत नसतो. सेटिंगच उघडत नसेल तर बंद पडलेलं व्हीटी चालू करणार कुठून? असं मशीन सरळ परत करा, "नंतर काढून देतो" वर जाऊ नका.

एक सोलापुरापुरतं. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ ला जातो, व्हीएम तासन्‌तास चालली की प्रोसेसर तापून स्पीड उतरवतो, त्यात धूळ. जुन्या मशीनचा पंखा साफ करून थर्मल पेस्ट नवीन लावूनच द्या म्हणावं, आणि यूपीएस घ्या, व्हीएम चालू असताना लाइट गेली तर आतली डिस्क करप्ट होऊ शकते आणि कारखान्याचं सगळं बिलिंग त्यातच असतं.

विंडोज होम असेल तर हायपर-व्ही मिळत नाही, पण व्हीएम चालवायचं व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे आणि डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) होमवरही चालतं, तेवढ्यासाठी प्रो घ्यायची गरज नाही.