सायबर सुरक्षेत पदव्युत्तर शिक्षण: शिष्यवृत्ती कशी शोधावी

गूगलवर ‘सायबर सिक्युरिटी स्कॉलरशिप’ असं टाकलं की वरच्या ओळींमध्ये हमखास अमेरिकेची ‘सायबरकॉर्प्स स्कॉलरशिप फॉर सर्व्हिस’ दिसते. फी माफ, वर भत्ता, शिक्षणानंतर सरकारी नोकरी. पण ती फक्त अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना मिळते. नावात ‘सायबर’ असलेल्या बऱ्याच योजनांची हीच गत आहे: एक तर आपल्यासाठी नाहीत, नाहीतर रक्कम इतकी छोटी की हॉस्टेलची अनामतही निघणार नाही.

जिथे खरोखर पैसा आहे, त्या योजनांच्या नावात सायबर हा शब्द बहुधा नसतो. देणारा बघतो ती प्रवेश परीक्षा, घरचं उत्पन्न, प्रवर्ग, नोकरीचा अनुभव आणि देश. म्हणून शोध विषयापासून नको, स्वतःपासून सुरू करा. एका कागदावर पाच गोष्टी लिहा: पदवीचे टक्के, गेट (एम.टेक.साठीची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा) दिली आहे का, आईवडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न, प्रवर्ग आणि पूर्णवेळ नोकरीचे महिने. पुढचं सगळं या पाच ओळींवर ठरतं.

पहिली पायरी: गेट

देशात एम.टेक. करायचं तर गेट हीच शिष्यवृत्ती समजा. गेटचा वैध गुणांक घेऊन एआयसीटीई-मान्य (म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या) संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेतला की महिना १२,४०० रुपये, तेही २४ महिने. म्हणजे २,९७,६०० रुपये, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. बदल्यात आठवड्याला ८ ते १० तास प्रयोगशाळेत किंवा शिकवण्यात मदत करावी लागते. गुणांक तीन वर्षं चालतो, त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच परीक्षा देऊन टाका.

सायबरचा वेगळा पेपर नाही. कॉम्प्युटर सायन्सचाच द्यायचा. अर्ज साधारण ऑगस्टअखेर सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे ऐन गणपतीच्या धामधुमीत. ‘गौरी गेल्या की भरू’ म्हणत बरेच जण मुदत घालवतात आणि मग विलंब शुल्क भरतात. परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. त्यानंतर एनआयटींसाठी सीसीएमटी आणि आयआयटींसाठी सीओएपी या दोन वेगळ्या प्रवेशप्रक्रियांत नोंदणी करावी लागते. एकीत नाव नोंदवलं म्हणजे दुसरीकडे आपोआप जात नाही.

सीसीएमटीत पसंतीक्रम भरताना एक खड्डा आहे. काही अभ्यासक्रमांपुढे ‘सेल्फ फायनान्स’ लिहिलेलं असतं. संस्था तीच, प्राध्यापक तेच, पण त्या जागेला भत्ता नाही. अर्धवेळ आणि ऑनलाइन एम.टेक.लाही नाही. यादीत अशी जागा वर टाकली आणि लागली की १२,४०० रुपयांवर पाणी.

संस्था निवडताना पुण्यात गिरीनगरला संरक्षण खात्याची डीआयएटी पाहा. सिंधुदुर्गातल्या मुलांनी राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा, म्हणजे एनएफएसयूचा, फोंड्याजवळचा गोवा परिसरही विचारात घ्यावा. बांद्याहून पुण्यापेक्षा तो कितीतरी जवळ पडतो. मात्र तिथल्या कोणत्या अभ्यासक्रमाला त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा लागते आणि कोणत्या जागेला भत्ता आहे, हे प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी घ्या. फोनवरचं ‘हो, मिळतो’ पुढे कुणाला आठवत नाही.

दुसरी पायरी: सरकारी पोर्टल

एम.एस्सी. करणाऱ्यांना गेटचा भत्ता नाही. त्यांनी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर यूजीसीची पदव्युत्तर शिष्यवृत्ती पाहावी: महिना १५,००० रुपये, वर्षातून १० महिने, दोन वर्षं. देशभरात १०,००० जागा, निवड पदवीच्या गुणांवर, अर्ज पहिल्याच वर्षी. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर कळलं तर उपयोग नाही.

राज्याच्या योजना महाडीबीटी या पोर्टलवर आहेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी फी मिळते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी जुलै २०२४ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, अट तीच ८ लाखांची. यातली महत्त्वाची ओळ: प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर दार बंद. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. त्यावर असाल तर फ्रीशिपचा, म्हणजे फीमाफीचा, अर्ज करा.

एआयसीटीईच्या ‘प्रगती’ आणि ‘सक्षम’ या योजना पदविका आणि पदवीसाठी आहेत. एम.टेक.च्या यादीत लोक त्या उगाच मिरवतात.

तिसरी पायरी: कागद

अर्ज अडतो तो इथे, त्यामुळे हे जरा सावकाश वाचा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो आणि तो सेतूतून किंवा आपले सरकार पोर्टलवरून मिळतो. वडील मुंबईत चाकरमानी आणि आई गावात, अशा घरांत गोंधळ होतो: तलाठ्याच्या अहवालात फक्त शेतीचं उत्पन्न येतं, वडिलांचा पगार राहून जातो. पुढे छाननीत फॉर्म १६ मागितला की आकडे जुळत नाहीत आणि अर्ज फेटाळला जातो. सुरुवातीलाच पगाराचा पुरावा जोडून दोघांचं एकत्रित उत्पन्न दाखवा.

जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला घरी नसेल तर गावच्या जिल्हा परिषद शाळेत जनरल रजिस्टरचा उतारा मागा. कोकणात एकाच घराण्यात कुणी गावावरून ‘कर’ लावलेलं आडनाव वापरतं, कुणी मूळ आडनाव. ते दोन्ही एकच घराणं आहे हे वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा.

मुंबई विद्यापीठाची गुणपत्रिका नीट बघा. त्यावर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. परदेशी विद्यापीठाचा कारकून शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि प्रवेशपत्र आईच्या नावाने छापून येतं. पासपोर्टवर जसं नाव तसंच अर्जात भरा, आणि दोन्ही क्रमांची नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी अर्ज ज्या दिवशी शिष्यवृत्तीची जाहिरात येते त्या दिवशी नव्हे, दोन महिने आधी करा.

आता बँक. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातात असा समज आहे. प्रत्यक्षात ते आधारला शेवटचं जे खातं जोडलं गेलं त्यात जातात. बारावीत कुठल्याशा योजनेसाठी उघडलेलं आणि नंतर बंद पडलेलं खातं अजून जोडलेलं असेल, तर शिष्यवृत्ती मंजूर दिसते, पैसे येत नाहीत. ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, त्यामुळे जुनं पासबुक असेल तर शाखेत जाऊन आयएफएससी आणि आधारजोडणी दोन्ही तपासून घ्या. एआयसीटीईला संयुक्त खातं आणि जमेवर मर्यादा असलेलं खातं चालत नाही.

चौथी पायरी: परदेश

आधी काय टाळायचं. अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपमध्ये संगणकशास्त्राला जागा नाही. इनलॅक्स फाउंडेशनची शिष्यवृत्ती अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र घेत नाही. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट (१८९२ पासूनची) आणि के. सी. महिंद्रा ट्रस्ट देतात ते शिष्यवृत्तीच्या नावाचं कर्ज, महिंद्राचं बिनव्याजी. चांगलंच आहे, पण फेडायचं आहे हे घरी सांगून ठेवा.

अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे: १२५ जागा, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, वय ३५ पर्यंत, पदवीला ६० टक्के, विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये. फीशिवाय ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड, इतर देशांसाठी १५,४०० डॉलर निर्वाह भत्ता. आदिवासी विभागाच्या वेगळ्या योजनेत २० जागा असून त्यातल्या ३ विशेष दुर्बल जमातींसाठी राखीव आहेत. रायगडातला कातकरी समाज त्यात येतो. उत्पन्नमर्यादा ६ लाख. राज्याची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ जणांना, आणि मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची योजना आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि खुल्या प्रवर्गाच्या योजना वेगवेगळ्या विभागांकडे आहेत, त्यामुळे एकाच संकेतस्थळावर शोधत बसू नका.

प्रवर्गाशी संबंध नसलेल्यांत सायबरसाठी नेमकी आहे ती युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस योजनेतली ‘सायबरस’: फ्रान्समधलं ब्रेताञ सूद, एस्टोनियातलं टॅलटेक आणि लक्झेंबर्ग विद्यापीठ मिळून चालवतात. शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही आणि महिना १,४०० युरो. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव, तीन अभ्यासक्रमांची निवड आणि नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची हमी लागते. अर्ज ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. लंडन विद्यापीठातल्या रॉयल हॉलोवेचा इन्फर्मेशन सिक्युरिटी अभ्यासक्रम १९९२ पासून चालू आहे, निवडीत तो ठेवण्यासारखा.

जर्मनीचा हिशेब वेगळा. झारलंड विद्यापीठ आणि कोटबुसचं बीटीयू इंग्रजीत सायबर सिक्युरिटी शिकवतात आणि शिक्षणशुल्क घेत नाहीत. सगळीकडे तसं नाही: बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये सत्राला १,५०० युरो आहेत, म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ त्याहून जास्त घेतं. फी नसली तरी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या (ब्लॉक्ड) खात्यात दाखवावे लागतात, आणि आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये वेगळे. शिष्यवृत्ती न मिळता जाता येण्यासारखा हा एक मार्ग आहे, म्हणून कर्जाची आकडेमोड याच्यापासून करा.

शेवटचे दिवस

अर्ज मुदतीच्या किमान चार दिवस आधी पाठवा. पावसात वीज गेली की टॉवरही जातो, आणि शेवटच्या संध्याकाळी पोर्टल असंही लोळण घेतं. पीडीएफ ठरलेल्या केबीत बसवताना शिक्का वाचता येतो का ते स्वतः मोठं करून पाहा. पुसट शिक्क्यावर अर्ज परत येतात.

आणि ‘तुमची निवड झाली, प्रोसेसिंग फी भरा’ असा सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सॲप आला तर त्यातल्या लिंकचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो का बघा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम खात्यातच थांबवता येण्याची शक्यता असते.